अनुभव धागा : वस्तीतली पिठाची गिरणी

गिरणी सुरू करावी का, यावर आधी बोलून झालंय. इथे चालवणाऱ्यांनी आणि दुरुस्त करणाऱ्यांनी आपापल्या टोपणनावाखाली नेमकं लिहा.

पट्टा-पुली
पाच-सहाशे घरांच्या वस्तीला १६ इंची दगड आणि साडेसात एचपी मोटर पुरते. दगडाचा वेग पुलीवर ठरतो. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिची पुली ५ इंची आणि चक्कीची १५ इंची, तर दगड ४८० फेऱ्या फिरणार, पट्टा घसरतो म्हणून थोड्या कमीच. लवकर दळून व्हावं म्हणून मोटरची पुली मोठी बसवतात नि मग पीठ गरम लागतं अशी ओरड होते. पीठ तापायची आणखी दोन कारणं : दगड बोथट झालेत किंवा फार आवळलेत. दगडांना टाकी लावल्यावर (छिन्नीने पुन्हा खाचा पाडल्यावर) पहिल्यांदा गुरांचं भरड काढा, कच निघून जाते. धान्य संपलं की लगेच दगड सैल करा, रिकामे दगड एकमेकांना खातात. चाडीत (धान्य ओततात त्या तोंडाशी) लोहचुंबक हवंच. गव्हात खिळा कधी येईल सांगता येत नाही.

वायरमन
थ्री फेज घ्या, आणि महावितरणच्या अर्जात 'औद्योगिक' वर्गवारी मागा. पिठाची गिरणी त्यातच मोडते, पण दुकानाचा गाळा बघून व्यापारी दर लागू शकतो. एक फेज गेला की मोटर जळते, म्हणून स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) लावा. साडेसात एचपी पूर्ण भारावर तासाला ६ ते साडेसहा युनिट खाते. तासाला किती किलो निघतं ते मोजा, भागाकार करा, मगच दराची पाटी लावा.

दळणवाली काकू
गिऱ्हाईक टिकतं ते दळायच्या क्रमावर. सकाळी गहू, मग ज्वारी-बाजरी, त्यानंतर हरभरा डाळ, भाजणी सगळ्यात शेवटी. भाजणीवर कुणाचा गहू टाकलात तर पोळीला धन्याचा वास येतो आणि ते घर पुन्हा फिरकत नाही! भाजणी पूर्ण गार झालेली हवी, नाहीतर वाफ धरून पिठाच्या गुठळ्या होतात. चकलीची बारीक, थालीपिठाची किंचित रवाळ.

धुतलेला गहू दाताखाली कडक वाजला तरच घ्या. ओलसर गहू दगडाला लिंपून बसतो. सोयाबीन १० किलो गव्हाला १ किलोच्या वर नको, तेल सुटतं. वरई-राजगिऱ्याला एकादशीचा आदला दिवस ठेवा. आधी यंत्र झाडून त्याच धान्याची मूठभर दळून टाकून द्या. गहू अजिबात न चालणाऱ्यांना मात्र स्पष्ट नाही म्हणा, त्याच दगडावर खात्री देता येत नाही. मिरचीचं कांडप वेगळ्या खोलीतच.

१० किलोला पाव किलोच्या वर घट आली तर कापडी नळीचा सांधा बघा. दळण आणताना आणि नेताना, दोन्ही वेळा गिऱ्हाइकासमोर वजन करायचं.

कागदवाला
अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी लागते. मोजकेच कामगार असतील तर गुमास्त्याची (दुकान कायद्याची) नोंदणी नको, फक्त ऑनलाइन सूचना. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनकडून (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडून) दरवर्षी फेरपडताळणी, हे बहुतेकजण विसरतात.

पट्टा-पुली
वर राहती घरं असतील तर पाया भिंतीपासून सुटा घ्या, खाली रबरी पॅड घाला. तक्रार आवाजाची असते, कारण बहुधा हादऱ्याचं निघतं.