'पर्चान्स टू ड्रीम' : ब्रूसला वाचता का येत नाही?

काना_मात्रा
नातवाच्या नादानं 'बॅटमॅन : दि ॲनिमेटेड सिरीज' बघतेय. काल १९९२ चा 'पर्चान्स टू ड्रीम' झाला. चोरांच्या मागे गोदामात शिरलेला बॅटमॅन बेशुद्ध पडतो आणि ब्रूस वेन म्हणून घरी पलंगावर जागा होतो. घड्याळामागची गुहेची वाट गायब, तिथे विटांची भिंत. घरचा नोकर आल्फ्रेडला बॅटमॅनचा पत्ता नाही. डोळ्यांदेखत मारले गेलेले आईवडील घरात हिंडताहेत. सेलिनाशी लग्नही ठरलंय. मग हा काहीतरी वाचायला घेतो, तर अक्षरांचा नुसता चिवडा! त्यावरून ठरवतो की हे स्वप्नच, कारण म्हणे मेंदूची एक बाजू वाचते नि दुसरी स्वप्नं बघते, म्हणून स्वप्नात वाचता येत नाही. आणि जागं व्हायला शेवटी मनोऱ्यावरून उडी टाकतो.

इथे माझं अडलं. एकतीस वर्षं प्रुफं तपासली आहेत मी. मला स्वप्नात वाचता येतं. गेल्याच आठवड्यात पंचांगाची गॅली, म्हणजे तपासायचा कच्चा छापील कागद, समोर होती आणि त्यात 'शुद्ध'चं 'शुध्द' झालेलं. खूण केली, जाग आली तेव्हा बोटं चादरीवर चालत होती. मग याचा पुरावाच कच्चा नाही का? आणि कच्च्या पुराव्यावर कोणी मनोऱ्यावरून उडी टाकतं?

सोलापुरी_चादर
काकू, वीस-बावीस मिनिटांत गोष्ट संपवायची होती, म्हणून ती युक्ती. इतकं काय मनावर घेता!

रातकिडा
उडी तो जर्व्हिस टेच या खलनायकाशी बोलणं झाल्यावर टाकतो, हे विसरू नका. स्वप्नात एक वेगळाच बॅटमॅन फिरत असतो, त्याच्या मुखवट्याखाली हा टेच, म्हणजे मॅड हॅटर निघतो. बॅटमॅननं आपल्या वाटेत येऊ नये म्हणून त्यानं त्याला हवं तसं आयुष्य देऊ केलेलं असतं. आणि एक गंमत ऐका. ब्रूस, बॅटमॅन आणि वडील थॉमस वेन, तिघांचाही आवाज केव्हिन कॉनरॉयचाच आहे. वडील बोलतात तेव्हा ब्रूस एका परीनं स्वतःलाच ऐकत असतो. हे कळल्यापासून तो प्रसंग मला बघवत नाही.

नाइट_ड्यूटी
मेंदूची एक बाजू वाचते नि दुसरी स्वप्नं बघते, हे काही खरं नाही. भाषेचं काम बहुतेकांत डावीकडे जास्त चालतं, पण स्वप्न असं एका बाजूला कोंडलेलं नसतं. मात्र स्वप्नातला मजकूर टिकत नाही, हा पुष्कळांचा अनुभव आहे. आपण स्वप्नात आहोत का हे ओळखायचा सराव करणारे एकदा वाचतात, नजर वळवतात, परत वाचतात. बदललं असेल तर स्वप्न. काकू, पुढच्या वेळी ती ओळ दोनदा वाचा.

काना_मात्रा
पाच दिवसांनी लिहितेय. परवा परत तीच गॅली. दुसऱ्यांदा पाहिलं तर 'शुद्ध'च्या जागी 'वद्य'! पंधरवडाच बदलला की हो. नाइट_ड्यूटी, मान्य.

पण भाग परत बघताना वाटलं, त्या चिवड्यापर्यंत थांबायची त्याला गरजच नव्हती. साखरपुडा झाल्याचं सगळे सांगतात, याला काही आठवत नाही. लेस्ली डॉक्टर समजावते की आयुष्यात सगळं आयतं मिळालं म्हणून तू बॅटमॅन मनाशी रचलास. बोलणं पटण्यासारखं, आणि काही वेळ त्याला ते पटतंही. पण या सुखाच्या घरातला एखादा वाढदिवस, एखादा वडिलांचा ओरडा, काही तरी त्याचं स्वतःचं? मला तर एकही दिसला नाही. त्याच्यापाशी आहे ती फक्त आईवडील मारले गेले त्या गल्लीतली रात्र. ती सोडली तर पलंगावर उठलेला माणूस कोण, हे त्यालाच सांगता येणार नाही.

@सोलापुरी_चादर, मनावर घेतलंच आहे. आमचा छापखाना कधीच बंद झाला, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. स्वप्नात मात्र तोच कागदाचा वास, तेच डगमगतं टेबल. नातू म्हणतो, "आजी, आता तुला ओळखता येतं ना? मग उडी मार आणि जागी हो."

म्हटलं, थांब रे, पान तरी पुरं होऊ दे.