कुत्र्याची खाज: शाम्पू बदलला, गोळ्या झाल्या, तरी थांबत नाही

रानपाखरू (धागाकर्ता)
लॅब्राडोर, नर, अडीच वर्षं, वजन २८ किलो. तीन महिने खाजवतोय. पुढचे पंजे सतत चाटतो, बोटांमधले केस तांबूस झालेत. शेपटीच्या मुळाशी केस विरळ, पोटावर लालसर पुटकुळ्या, कानांना आंबूस वास. पिसवा दिसल्या नाहीत. शाम्पू दोनदा बदलला. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना बरा असतो, बंद झाल्या की आठवड्यात पुन्हा तेच. घरात एक मांजरही आहे. आता खाणं बदलायचं का?

काळी_मांजर
खाण्याचं नंतर. शेपटीच्या मुळाशी केस गेलेत म्हणजे पहिला संशय पिसवांवर. "दिसल्या नाहीत" याला फारसा अर्थ नाही. ज्याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे तो कुत्रा चावून-चाटून त्या गिळून टाकतो आणि खाज पेटायला मोजके चावेही पुरतात.

बारीक दातांची फणी घ्या आणि कमरेपासून शेपटीपर्यंत कातडीला टेकवून फिरवा. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. मिनिटभरात कणाभोवती गंजासारखी तांबडी कड पसरली तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कड पसरली नाही तर माती.

सापडल्या तर नुसत्या कुत्र्याला औषध देऊन भागत नाही. पूर्ण वाढलेल्या पिसवा एकूण संख्येच्या साधारण ५ टक्केच असतात. बाकी अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, फटींत, सोफ्याखाली. कोषावर फवारा चालत नाही आणि तो कित्येक महिने तसाच पडून राहतो. म्हणून घरातल्या सगळ्या प्राण्यांना किमान तीन महिने न चुकता औषध, अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुणं आणि रोज व्हॅक्यूम. औषध दिल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसल्या की लोक म्हणतात औषध खोटं. खोटं नसतं, जुने कोष फुटत असतात.

मांजर आहे म्हणून ठळक सांगतो: परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला कधीच लावू नका. झटके येऊन मांजर दगावू शकतं. कुत्र्याला लावलं असेल तर सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.

झिपरी
वरच्याशी सहमत, फक्त एक भर. मानेवर थेंब टाकायचं औषध आणि आठवड्यातून दोनदा शाम्पू हे एकत्र जमत नाही, औषध धुऊन जातं. शाम्पू लागणार असेल तर गोळी बरी (अफॉक्सोलानर, फ्लुरालानर या गटातली). पूर्वी कधी झटके आले असतील तर व्हेटला आधी सांगा, या गटात ती जोखीम आहे.

शाम्पू का लागणार? आंबूस वास आणि तांबूस पंजे. तांबूस रंग लाळेचा, तो चाटल्याची खूण. पण वासामागे बहुतेक वेळा मॅलेसेझिया ही यीस्ट असते आणि पोटावरच्या पुटकुळ्या जिवाणूंच्या. दोन्ही स्वतःच खाज वाढवतात. व्हेटला टेप चिकटवून नमुना घ्यायला सांगा. पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबायची, रंगवायची, मायक्रोस्कोपखाली बघायची. तिथेच कळतं.

यीस्ट निघाली तर २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि २ टक्के मायकोनाझोल असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. कोमट पाण्याने अंग पार कातडीपर्यंत भिजवा, आधी पंजे, काखा, जांघा आणि पोट, मग बाकीचं. फेस १० मिनिटं अंगावर राहू द्या, घड्याळ लावून. मग भरपूर पाण्याने धुवा आणि बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा. माझ्या मते "शाम्पू लागू पडला नाही" यातले निम्मे शाम्पू दोन मिनिटांत धुतलेले असतात. माणसांचा शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीला तो आम्ल पडतो. कानात मात्र पडदा शाबूत आहे हे व्हेटने बघेपर्यंत काही घालू नका.

टेकडीवरचा
खरूज राहिली. कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर संशय धरा. घरातल्या माणसांना पुरळ उठलंय का? स्क्रेपिंगमध्ये (कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात त्यात) किडा नाही सापडला तरी खरूज नाही असं ठरत नाही. झिपरीने सांगितलेल्या गटातल्या गोळ्या त्यावरही चालतात.

रानपाखरू
माणसांना काही नाही. खाण्याचं कधी बघायचं? आणि तोवर खाज कमी करायला सिट्रिझिन चालेल का?

झिपरी
सिट्रिझिनचा कुत्र्यांना फारसा उपयोग होत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत ते स्यूडोएफेड्रिनसोबत असतं, आणि स्यूडोएफेड्रिन तर कुत्र्याला विषारी. टी ट्री ऑइलही नको.

ऑक्लासिटिनिब (कुत्र्यांची खाज थांबवायची गोळी, व्हेटकडूनच) लवकर काम करतं. मात्रा किलोमागे ०.४ ते ०.६ मिग्रॅ, म्हणजे २८ किलोला एका वेळी ११.२ ते १६.८ मिग्रॅ. दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त १४ दिवस, मग दिवसातून एकदाच. वय १२ महिन्यांच्या पुढे हवं आणि गंभीर संसर्ग असताना देत नाहीत, म्हणून टेपची तपासणी आधी. स्टेरॉइड पुन्हा दिलं गेलं तर सोबत मेलॉक्सिकॅमसारखं दुखण्याचं औषध कदापि नको, पोटात अल्सर होतो.

काळी_मांजर
खाण्याची चाचणी पिसवा आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणारच नाही. पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन किंवा हायड्रोलाइज्ड (प्रथिनाचे बारीक तुकडे केलेलं) खाणं, पूर्ण ८ आठवडे, दुसरा घास नाही. चाचणी बहुतेक मोडते ती चोरवाटांनी: मांजराची वाटी, चवदार टूथपेस्ट, मांसाच्या चवीच्या गोळ्या. खाज कमी झाली तरी जुनं खाणं परत सुरू करून बघायचंच. १४ दिवसांत खाज पुन्हा सुरू झाली तरच अ‍ॅलर्जी खाण्याची. रक्त किंवा लाळेच्या "फूड अ‍ॅलर्जी" तपासण्यांवर पैसे घालवू नका, भरवशाच्या नाहीत.

एवढं करूनही पंजे-कान-काखा चालूच राहिल्या तर मग अ‍ॅटोपी, म्हणजे धूळ, परागकण अशा आजूबाजूच्या गोष्टींची अ‍ॅलर्जी. ती साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते, तुमचा त्यात बसतो. ती मुळापासून जात नाही, आटोक्यात ठेवावी लागते.

झिपरी
आणि हो, व्हेटकडे जाण्याआधी दोन-तीन दिवस अंघोळ नको, कानही पुसू नका. चकाचक कुत्रा नेला की टेपवर काही सापडत नाही.