भाऊ जमीन विकायला निघालेत, मला ती ठेवायची आहे : मदत हवी आहे

डाळिंबवाली

नमस्कार मंडळी. आटपाडी तालुक्यात आमची साडेसहा एकर जमीन आहे. दोन एकर डाळिंब, एकरभर शाळू-मका, बाकी मुरमाड माळ. आबा गेल्यावर वारस नोंद झाली. सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ आणि मी अशी चार नावं सामाईक आहेत. वाटप झालेलं नाही, आबांनी मृत्युपत्रही केलेलं नव्हतं.

थोरला दादा कोइमतूरला गलाईच्या धंद्यात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : खानापूर-आटपाडीची माणसं दुष्काळापायी सोनं-चांदी गाळायच्या कामात देशभर पांगली, त्यातलाच तो. धाकटा अमेरिकेत, ग्रीनकार्डवाला. मी शेजारच्याच गावात दिलेली. आबांचं दुखणं सुरू झालं तेव्हापासून बाग मीच बघते, म्हणजे छाटणी, फवारणी, मजूर, व्यापारी सगळं.

इतकी वर्षं आमच्या माळाकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. शेजारच्या धनगरांची मेंढरं तेवढी चरायची. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं आणि दलाल फिरायला लागले. परवा एकजण पांढरे बूट घालून आमच्याच विहिरीच्या काठावर उभा राहून फोनवर सांगत होता, "पाणी आहे, रोड टच आहे, झाडं काय, एका दिवसात काढून टाकू." मी पाच हातांवर फवाऱ्याचा पंप पाठीला लावून उभी. त्याला वाटलं मजूर बाई आहे.

एकरी १५ लाख म्हणतोय, पण सगळं एकत्र पाहिजे. दोघा भावांचं ठरलंय. मला सांगणं असं, की तू हक्कसोड करून दे, आम्ही तुला काहीतरी देऊ. हे "काहीतरी" किती, ते कुणी बोलत नाही. आई म्हणते, तुम्ही तिघं ठरवा, मला मध्ये घेऊ नका.

एक आधीच सांगते, भावांना शिव्या घालणारे प्रतिसाद नकोत. विहिरीचं बांधकाम आणि पाइपलाइन दादाच्या पैशातून झाली. मिसरूड फुटायच्या आत तो घर सोडून गेला आणि भट्टीपुढं तेजाबाचा धूर खात त्यानं आम्हाला शिकवलं. आता त्याला तिकडं स्वतःचं दुकान घ्यायचंय. त्याची गरज खरी आहे.

विचारायचं ते असं. माझ्या सहीशिवाय ते विकू शकतात का? विकायचंच असेल तर आधी मला द्या, असं कायद्यानं म्हणता येतं का आणि मग भाव कुणी ठरवायचा? धाकट्याच्या कागदपत्रांचं काय? आणि एवढे पैसे एकदम माझ्याकडं नाहीत, अशा वेळी कुणी कसा मार्ग काढलाय?

बांधावरून

काहीही करा, हक्कसोडपत्रावर सही करू नका. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलं की विषय संपला. नंतर "काहीतरी" मागत बसाल.

जुना तलाठी

ताई, आधी हिस्से. जमीन आबांनी स्वतः घेतलेली असेल तर आई आणि तीन मुलं, प्रत्येकी चौथा हिस्सा. आजोबांपासून आलेली असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलगीही जन्मानं सहहिस्सेदार झाली. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात त्यावरचा घोळही मिटवला. मग कागदावरची वाटणी पाच जणांत होते (आबा, आई, तुम्ही तिघं) आणि आबांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत जातो. करून बघा, उत्तर चौथा हिस्साच येतं. कुठूनही मोजा, तुमचे ६५ गुंठे.

भाऊ आपापला अविभक्त हिस्सा विकू शकतात. तुमचा आणि आईचा नाही. घेणाऱ्याला "हा विहिरीकडचा तुकडा माझा" असंही म्हणता येत नाही, त्याला आधी वाटप मागावं लागतं. असल्या सामाईक सातबाऱ्यात शहाणा माणूस पैसा घालत नाही. म्हणून दलालाला चारही सह्या पाहिजेत. तुमची खरी ताकद इथं आहे.

वाटप संमतीनं होत असेल तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो. तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी करणारा कायदा, आडवी येणार नाही. जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे ही मर्यादा आहे, तुम्ही बऱ्याच वर आहात. आणि सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना आजच वाचा. भोगवटादार वर्ग १ आहे की २ (वर्ग २ म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी)? प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात कधी कधी पुनर्वसनासाठी राखीव असा शेरा असतो. तो असेल तर परवानगीशिवाय विक्रीच होत नाही, दलालाचे बूट कितीही पांढरे असोत.

काळा कोट

वरच्यांनी उत्तम लिहिलंय, मी फक्त दुसऱ्या प्रश्नावर बोलते. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २२. मृत्युपत्राशिवाय मिळालेल्या स्थावर मालमत्तेतला हिस्सा वर्ग १ च्या (म्हणजे बायको, मुलं, आई अशा सगळ्यात जवळच्या) एखाद्या वारसाला विकायचा असेल तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. किमतीवर एकमत झालं नाही तर अर्ज केल्यावर कोर्ट किंमत ठरवतं. हे शेतजमिनीला लागू आहे की नाही यावर बरीच वर्षं वाद होता. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं बाबू राम विरुद्ध संतोख सिंग या निकालात लागू आहे असं सांगितलं.

मात्र हा हक्क म्हणजे स्वस्तात मिळवायचं कार्ड नव्हे. भाव बाजारभावाच्या आसपासच द्यावा लागतो. जमीन आबांच्या स्वतःच्या मालकीची होती की आजोबांकडून आलेली, यावरही मुद्दा किती ताणता येईल ते ठरतं, तेव्हा जुने फेरफार (मालकी कशी बदलत आली त्याच्या नोंदी) काढून वकिलाला दाखवा. आणि क्रम महत्त्वाचा. वाटप होऊन हद्दी पडल्या, की हा हक्क सांगणं अवघड होतं. भावांना "मी घ्यायला तयार आहे" असं लेखी, पोच घेऊन, आत्ताच कळवा. प्रेमाच्या भाषेत लिहा, पण लिहा.

डाळिंबवाली

लेखी पाठवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. भाऊबीजेला ताट घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ? जाऊबाई म्हणाल्याच, "हिस्सा मागणाऱ्या लेकीचं माहेर तुटतं." मी म्हटलं, मी मागत नाही, विकत घेतेय.

काळा कोट

पत्र पाठवायच्या आधी फोन करून सांगा की पत्र येतंय. भांडणं बहुतेक वेळा मजकुरामुळं होत नाहीत, दारात अचानक आलेल्या रजिस्टर पाकिटामुळं होतात.

सॅन होजेचा बापू

धाकट्याबद्दल. परदेशस्थ भारतीयाला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं आलेली ठेवता येते. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, म्हणजे तुम्हाला चालते. कुलमुखत्यारपत्र तो वकिलातीत साक्षांकित करून पाठवेल. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्या, आमच्याकडं हेच राहून गेलं होतं. पैसे त्याच्या एनआरओ खात्यात (परदेशस्थ भारतीयाचं इथल्या बँकेतलं खातं), चेकनं. गावातली रोख भानगड त्याला तिकडं महागात पडेल, कारण तिथल्या विवरणपत्रात त्याला हा व्यवहार दाखवावा लागतो.

भारतात भांडवली नफ्यावर कर लागेल का, हे जमीन नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीपासून किती लांब आहे त्यावर. लोकसंख्येनुसार २, ६ किंवा ८ किलोमीटर. त्यापलीकडची ग्रामीण शेतजमीन असेल तर कर नाही. भावांना हे सांगा, त्यांचा जीव भांड्यात पडेल.

स्पष्टवक्ता

कडू बोलतो. डाळिंबावर तेल्या आला की एका पावसाळ्यात बाग जाते, मर रोगाचं वेगळंच. तुमच्या हिश्श्याचे चोवीसेक लाख बँकेत टाका, व्याज खा. भावनेपोटी कर्ज काढून माळ विकत घेणं हा व्यवहार नव्हे.

डाळिंबवाली

@स्पष्टवक्ता, तेल्या मी तीनशे झाडांवर बघितलाय, पुस्तकात नाही. कर्ज काढून माळ घ्यायचा नाही हे मात्र पटलं. मला खरं तर माळ नकोच आहे, बाग आणि विहीर हवी आहे.

जुना तलाठी

मग हे आधी का नाही सांगितलंत! सगळी साडेसहा एकर विकत घ्यायची गरजच नाही. तुमचा नि आईचा मिळून निम्मा हिस्सा, सव्वातीन एकर. बाग अधिक शाळूचं रान तीन एकर. पाव एकर माळ त्याला जोडा. भावांना राहिलेला माळ, रस्त्याकडचा.

पण बागाईताची आणि मुरमाची किंमत एक नाही. फरकाची रक्कम तुम्ही भावांना द्यायची. ती चाळीस-पन्नास लाखांपेक्षा पुष्कळ कमी असेल आणि हप्त्यानंही देता येईल, करार नोंदवून. भाव ठरवताना दलालाचं तोंड बघू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्या गावाच्या अलीकडच्या खरेद्यांची सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) बघा. दादांनी विहिरीला आणि पाइपलाइनला घातलेला पैसा हिशेबात वेगळा धरा, नाहीतर तो सल आयुष्यभर राहील. वाटणीपत्रात विहिरीचं पाणी कुणाला, किती पाळ्या, माळावर जायचा वहिवाटीचा रस्ता कुठून, हे लिहाच. आमच्या सगळ्या नोकरीत मारामाऱ्या बघितल्या त्या बांधावरून आणि पाळीवरून.

आणखी एक. आईचा हिस्सा "आपला" धरू नका. तो त्यांच्याच नावावर राहू दे, त्यांच्या म्हातारपणाचा आधार आहे तो.

बांधावरून

+१. शिवाय पैसे देऊन घेताय तर बिनमोबदला हक्कसोडपत्र दाखवून मुद्रांक वाचवायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका. मोबदला दिला तर तो कागदावर दिसला पाहिजे.

सोलरवाला

भावांनी माळ विकलाच पाहिजे असं नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळची जमीन भाड्यानं घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी ३ टक्के वाढ. बाभळी उगवणाऱ्या मुरमाला एवढं कोण देतंय? सबस्टेशनपासून अंतर मोजा आणि महावितरणच्या कार्यालयात चौकशी करा.

डाळिंबवाली

सगळ्यांचे आभार. काल दादाला फोन केला. कायद्याचं काहीच बोलले नाही, आधी विहिरीच्या खर्चाचं बोलले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "ते तुझ्या ध्यानात हाय व्हय?" माळ वेगळा काढायला तयार आहे, पण सोलरचं भाडं नको म्हणतो, त्याला रक्कम एकदम हवी. ठीक आहे, त्याचा हिस्सा त्यानं विकावा. धाकटा म्हणाला, दादा म्हणेल ते. वहिनींशी अजून बोलणं व्हायचंय आणि ते सोपं जाणार नाही.

पत्र तरीही पाठवतेय. सोमवारी भूमी अभिलेखमध्ये मोजणीचा अर्ज टाकते आणि जुन्या फेरफारांच्या नकला मागते. विट्यात किंवा सांगलीत बागेचं मूल्यांकन करणारं कुणी माहितीतलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. झाडांच्या वयासकट किंमत काढणारा हवा, नुसता रेडीरेकनर (सरकारी दरतक्ता) बघणारा नको.