विषय: लाँगवुड गार्डन्सच्या सहलीत वाटेवरचा थांबा

सहल समितीकडून:

सप्रेम नमस्कार.
न्यू जर्सीतील एडिसनहून पेनसिल्व्हेनियातील लाँगवुड गार्डन्स या मोठ्या उद्यानाला जाताना सर्व गाड्यांनी एकदा एकत्र थांबावे, असे ठरले आहे. यंदा भारतातून आलेले बरेच आईवडील सोबत असून त्यांच्यापैकी काही जण कांदा-लसूण खात नाहीत. वावा या खाद्यपदार्थ आणि गॅस (म्हणजे पेट्रोल) विकणाऱ्या दुकानसाखळीच्या एखाद्या दुकानात थांबावे अशी सूचना आली आहे, परंतु ‘गॅस स्टेशनवर कसले खायचे’ असाही आक्षेप आहे. कृपया आपले मत कळवावे.

उत्तर, चेरी हिल येथील सभासदाकडून:

सप्रेम नमस्कार.
आक्षेप समजण्यासारखा आहे, पण वावाच्या बाबतीत तो मला पटत नाही. वावा मुळात गॅस स्टेशन नव्हतेच. पेनसिल्व्हेनियातील वावा या गावी जॉर्ज वुड यांनी १९०२ मध्ये दूधडेअरी सुरू केली. पुढे घरोघरी दूध घेण्याची पद्धत मागे पडू लागली, तेव्हा त्याच घराण्यातील ग्रॅहम वुड यांनी १९६४ मध्ये फॉल्सम येथे पहिले दुकान उघडले. गॅसचे पंप त्यानंतर कित्येक वर्षांनी आले. नाव एका मूलनिवासी भाषेतील रानहंसाच्या नावावरून आले आहे, म्हणून बोधचिन्हावर उडता हंस दिसतो. आपण रूट १ ने गेलो, तर ते मूळ गाव लाँगवुडच्या अलीकडेच लागते. तिथेच थांबावे, असे मला मनापासून वाटते.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा इतर दुकानांत काउंटरवरच्या मुलाला इंग्रजीत सांगायच्या संकोचाने त्या उपाशी राहणे पत्करत. वावामध्ये मात्र ऑर्डर देण्याच्या टचस्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी स्वतःचा होगी, म्हणजे या भागातला लांब पावाचा सँडविच, स्वतः ठरवला: चीज हवे, टोमॅटो हवा, कांदा नको. चिठ्ठी छापून आली, गल्ल्यावर पैसे दिले, क्रमांक पुकारला गेला आणि हवे तेच हातात आले. कोणाची मदत लागली नाही, याचा त्यांना झालेला आनंद मी विसरलेले नाही. कडक शाकाहारी मंडळींनी बनवणाऱ्यांना हातमोजे बदलण्याची विनंती अवश्य करावी. सॉसमध्ये लसूण असू शकतो, म्हणून सॉस न घेतलेला बरा.

बहुतेक दुकानांत बसायला जागा नसते, त्यामुळे ज्येष्ठांसाठी घडीच्या खुर्च्या गाडीत ठेवाव्यात. शिवाय न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्यामुळे गाडीत गॅस पंपावरचे कर्मचारीच भरतात, तर पेनसिल्व्हेनियात स्वतः उतरून भरावा लागतो. नव्या चालकांना हे आधी सांगावे.

सहल समितीकडून:

आभारी आहोत. सकाळी वावा गावाजवळ थांबायचे निश्चित केले आहे. प्रत्येक गाडीने दोन खुर्च्या आणाव्यात.