होव्हर फ्लायला 'घिरटमाशी' म्हणावं का?

पांढराखडू (सातारा): शाळेच्या प्रदर्शनात यवतेश्वर-कासच्या पठारावर मुलांनी काढलेले फोटो लावायचेत. सोनकीवर बसलेल्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या होव्हर फ्लाय. पाटीवर मी 'घिरटमाश्यांच्या प्रजाती ओळखा' असं लिहिलं. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, 'घिरटमाशी' आणि 'प्रजाती' दोन्ही शब्द चूक. काय करू?

ऊसकरी (वाळवा): घिरट्या घारीच्या, गोल गोल. ही बया तर एका जागी टांगल्यासारखी थांबते. पण नवा शब्द कशाला पाडायचा? शेतीच्या पत्रकांत ढालकिडा, क्रायसोपा या किडी खाणाऱ्या कीटकांच्या जोडीला 'सिरफिड माशी' असतेच. तिच्यातल्या बऱ्याच जणींच्या अळ्या पिकाचा रस शोषणारा मावा फस्त करतात. २००२ च्या सुमारास उसावर लोकरी मावा आला, तेव्हा आमच्या बांधावर 'मित्रकीटक' हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला.

शुद्धमती: सिरफिड हे मराठी? 'अधांतरी' हा इतका नेमका शब्द घरात असताना! अधांतरमाशी म्हणा.

कृष्णाकाठ (सांगली): अधांतरी म्हटलं की मला माझं नोकरीतलं प्रमोशन आठवतं. सरळ 'फूलमाशी' म्हणा, मुलांनाही कळेल.

ऊसकरी: फूलमाशी अजिबात नको. फुलकिडे म्हणजे थ्रिप्स, द्राक्षवाल्यांचे वैरी. फळमाशी आणखी तिसरीच. तासगावात फूलमाशी म्हणालात तर ऐकणारा आधी फवारणीचा पंप काढेल.

टिवल्याबावल्या: सिर्फ फुलांवर बसते म्हणून सिर्फिड. व्युत्पत्ती संपली.

शुद्धमती: विनोद पुरे. कुळाचं नाव सिर्फिडी. मुळात ग्रीक 'सिर्फोस', म्हणजे चिलटासारखा किडा. आपल्याकडे मक्षिकेपासून माशी आली, तेवढी पुरे.

भिंगवाली (सातारा): नावावरून भांडताय, पण पाटीवर 'प्रजाती ओळखा' लिहिलंय त्याचं काय? मराठी विश्वकोशातल्या जीवशास्त्राच्या नोंदींत बऱ्याचदा प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट, आणि जाती म्हणजे स्पीशीज. त्या अर्थाने तुमची पाटी चुकून बरोबर आहे, कारण नुसत्या फोटोवरून अनेकदा जीनसपर्यंतच पोचता येतं. पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या वलयावर एक जाड, एक बारीक असे दोन काळे पट्टे दिसले की एपिसिर्फस म्हणावं आणि थांबावं. डोळ्यांवर ठिपके असले तर एरिस्टॅलिनस असण्याची शक्यता मोठी. पुढे जायचं तर पंखाच्या शिरा दिसायला हव्यात. मधोमध एक खोटी शीर असते, ती कुळाची मोठी खूण. पण मुलं नेमकी वरून, उन्हात फोटो काढतात आणि पंख चकाकतो. एकाच माशीचे वरून, बाजूने आणि तोंडाचा असे तीन फोटो हवेत. काही जातींत तर नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निर्णय होत नाही.

कृष्णाकाठ: वर्तमानपत्रात रोज 'दुर्मीळ प्रजाती आढळली' छापतात. तिथे प्रजाती म्हणजे स्पीशीजच. लोक बोलतात तोच अर्थ खरा.

शुद्धमती: मग उद्या समारंभ पार पडला याला 'संपन्न झाला' म्हणतात, तेही खरं म्हणाल.

कृष्णाकाठ: झालंच आहे ते. पत्रिका वाचत नाही वाटतं?

माणदेशी: आमची आजी हिला गांधीलाचं पिल्लू म्हणायची आणि पदराने हाकलायची. दंश नाही हिला, नुसतं सोंग. गांधील नि मधमाशीला चार पंख, हिला दोनच. पण पंख मोजायला आजी थांबायची नाही.

भिंगवाली: त्या सोंगाला शास्त्रात, बेट्स या निसर्ग-अभ्यासकाच्या नावावरून, बेट्सचं अनुकरण म्हणतात.

शुद्धमती: अनुकरण नव्हे, सोंगच म्हणा. माणदेशींचा शब्द सरस आहे.

पांढराखडू: मंडळी, पाटी उद्या रंगवायचीय. आणि एक मुलगा विचारतोय, दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेत तो नर ना?

भिंगवाली: हो, बहुतेक नरच. मादीच्या डोळ्यांत फट असते.

टिवल्याबावल्या: मग 'तो माशी' लिहायचं की 'ती नर'?

ऊसकरी: नर माशी. बोकाही मांजरच की.

शुद्धमती: मांजर नपुंसकलिंगी आहे, उदाहरण गैरलागू. माशीचं पुल्लिंग मूळ प्राकृतात शोधावं लागेल.

टिवल्याबावल्या: शोधा, पण 'मासा' निघाला तर मिरजेच्या बाजारात जावं लागेल.