मदत हवी आहे: जेलिंक इमेजमध्ये नक्की कुठली मॉड्यूल्स घ्यायची?

मंडळी, जावा १७ वर मॉड्युलर अ‍ॅप आहे, क्लायंटच्या सर्व्हरवर जावा टाकता येत नाही म्हणून जेलिंकने (फक्त लागणारी मॉड्यूल्स घेऊन छोटं जावा रनटाइम बांधणारं, जेडीके म्हणजे जावा डेव्हलपमेंट किटमधलं टूल) रनटाइमसकट इमेज द्यायचीय. पण पीडीएफच्या एका जुन्या जारमध्ये (जावा लायब्ररीची पॅकेज फाइल) मॉड्यूल-इन्फोच (मॉड्यूलचं नाव आणि त्याला काय लागतं ते सांगणारी फाइल) नाही, ते ऑटोमॅटिक मॉड्यूल धरलं जातं आणि जेलिंक तिथेच अडतं. जेडेप्सने (जार कशावर अवलंबून आहे ते शोधणारं टूल) मॉड्यूल-इन्फो जनरेट करून जारमध्ये घातली, इमेज बनली, जीव भांड्यात पडला, तर पहिल्याच एचटीटीपीएस कॉलला हँडशेक फेल्युअर! जेडीके डॉट क्रिप्टो डॉट ईसी (एलिप्टिक कर्व्ह एन्क्रिप्शनचं मॉड्यूल) अ‍ॅड केल्यावर सुटलं, सर्व्हिस लोडरने (अ‍ॅप चालू असताना लागणारा कोड शोधून जोडणारी जावाची सोय) येणारं मॉड्यूल जेडेप्सला दिसतच नाही ना.

आता धास्ती हीच की असं अजून काय राहिलंय. बाइंड-सर्व्हिसेस (अशी सर्व्हिस मॉड्यूल्स आपोआप घेणारा जेलिंकचा ऑप्शन) लावलं की इमेज फुगते. तुम्ही लोक दर अपडेटला जार पॅच करता, की जेलिंक फक्त जेडीकेच्या मॉड्यूल्सचं करून बाकी जार बाहेर मॉड्यूल-पाथवर ठेवता? प्रॉडक्शनमध्ये चालवलेलं असेल त्यांनी प्लीज सांगा, सोमवारी डिलिव्हरी आहे.