मदत हवी आहे: वडील सिगारेट ओढतात, आता मुलगाही

मुलगा दहावीत आहे. क्लासवरून आला की तोंडाला बडीशेपेचा वास, आणि शर्टाला सिगारेटचा. विचारलं तर सरळ म्हणाला, "आधी बाबांना सांग ना!" यावर काय बोलणार?

नवरा रोज जेवणानंतर गॅलरीत ओढतो. लहानपणी तर याच पोराला पाकीट आणायला खाली पाठवायचे. आता त्यांचं म्हणणं, "दोन ठेवून दिल्या की सुटेल." मला ते पटत नाही. बापलेकांचं आधीच मार्कांवरून फाटलेलं आहे. घरात बोलणं म्हणजे फक्त ओरडा. मार खाल्ला तर तो अजून लपवेल, एवढंच. सासूबाई मात्र मशेरी लावता लावता "वयच असतं गं" म्हणून मोकळ्या!

१८ वर्षांखालच्यांना विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, शाळेपासून १०० यार्डांत तर कुणालाच विकता येत नाही. पण टपरीवर सुटी सिगारेट मिळते, वय कोण विचारतो. ते नंतर बघेन, आधी घरातलं.

कुणाच्या घरी बापलेकांनी मिळून सोडली आहे का? नवऱ्याकडे विषय कसा काढावा, म्हणजे ते चिडणार नाहीत? १८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन) कुणी फोन केलाय का, मराठीत नीट बोलतात का? मुलाला समुपदेशकाकडे एकट्याला न्यावं की दोघांना? शाळेत कळवायची मात्र भीती वाटते, बोर्डाचं वर्ष आहे.